तीन होकार

नमस्कार. अक्षर वेगळं दिसलं म्हणून पाकीट चुकून आलं असं समजू नका. खबरपत्र तेच आहे, झेरॉक्सही त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातली आहे. फक्त या वेळी लिहिणारा हात बायकोचा आहे.

यांच्या खबरपत्राची तुम्हाला सवय आहे. तीन महिन्यांनी एक कागद, पाठपोट. कोणती कथा, कुठे आली, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत. खाली सही. संपलं. मी एकदा म्हटलं होतं, "अहो, दोन शब्द इकडचे-तिकडचे लिहा की. लोक काय पान नंबर वाचायला बसलेत?" तर म्हणाले, "बातमीला बातमीएवढंच अंग असावं." माझ्या बातमीला अंग जरा जास्त आहे. तेवढं सहन करा.

गेल्या दोन वेळेला खबरपत्र आलं नाही, म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी चौकशी केली. त्यांचे आभार. चौकशीच्या नावाखाली काही जणांनी भलतंच लिहिलं, त्यांचे आभार मानणार नाही. झालं असं होतं की एका मोठ्या साप्ताहिकाने जाहीर केलं, पुढच्या रविवारी यांची कथा, नावासकट, चौकटीत. आणि पुढच्या रविवारी त्या जागी स्वयंपाकघरातल्या टाइल्सवरचा लेख. एक सद्गृहस्थ लिहितात, "कथा उचललेली निघाली म्हणून काढली, असं ऐकतो, खरं का?" खरं का म्हणे! ज्या माणसाने छापखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पेन्सिलीने काढल्या आणि स्वतःच्या कथेतला एक शब्द कधी कोणाचा घेतला नाही, त्याच्याबद्दल हे असं. माझं डोकंच फिरलं. पण त्या गृहस्थांचंही बरोबर आहे म्हणा. घरातून कोणी काही सांगितलंच नाही, मग लोक बोलणारच. तर आता सांगते. चूक झाली होती, ती यांची नव्हती, माझी होती.

आधी यांची पद्धत सांगायला हवी. यांच्याकडे एक लांबट वही होती. त्यात प्रत्येक कथेपुढे लिहिलेलं, कुठे पाठवली, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं. एक कथा एका वेळी एकाच जागी. तिथून नकार येईपर्यंत दुसरीकडे पाठवायची नाही, मग त्यांनी वर्षभर झुलवलं तरी. कितीतरी जणांनी यांना शहाणपण शिकवून पाहिलं, की अहो, सगळेच चार ठिकाणी पाठवतात. हे ऐकून घ्यायचे आणि वहीत एकच ओळ लिहायचे. चाळीस वर्षांत अडतीस कथा छापून आल्या. एवढ्या सावकाशीने चालणाऱ्या माणसाशी संसार केला आहे मी.

माझी नोकरी टपाल खात्यातली. काउंटरवर आणि वर्गवारीत मिळून एकतीस वर्षं. यांची पाकिटं मीच वजन करायची, मीच तिकिटं लावायची. कथा मात्र मी वाचत नसे. खोटं कशाला बोलू? लग्नानंतर दोन वाचल्या होत्या. दोन्हींत बायको कजाग होती. तिसरी वाचायची माझी छाती झाली नाही.

मागच्या वर्षी यांचं पोट दुखायला लागलं. औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. तीन महिने, फार तर चार, असं म्हणाल्या. मी बाहेर आले तर हे बाकावर बसून भिंतीवरची सूचना वाचत होते. मला म्हणाले, "'कृपया'ला पहिली वेलांटी दिलीय बघ." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "किती?" मी सांगितलं. तेवढंच बोलणं त्यावर आमचं झालं.

तीन आठवडे दवाखान्यात होते. मी रोज दुपारी डबा घेऊन जायची, आणि यांचा पहिला प्रश्न, "टपाल?" आता टपाल कुठून येणार? वर्षभरात यांनी काही पाठवलंच नव्हतं. वहीत सगळीकडे नकार लिहून झालेले. हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारायचे. आणि मी "काही नाही" म्हटलं की मान वळवून खिडकीकडे बघायचे. त्या मान वळवण्याने माझा जीव तुटायचा.

एक दिवस घरी आल्यावर मी यांचा ड्रॉवर उघडला. अकरा कथा होत्या, टाचणी लावलेल्या. त्यांतली सर्वांत कमी पानांची काढली, "न नेलेले चष्मे" नावाची. कोपऱ्यावर जाऊन तीन प्रती काढल्या आणि तीन ठिकाणी पाठवल्या. एक प्रत एका त्रैमासिकाला. ते एक बाई आपल्या राहत्या घरातून चालवतात, चार-पाचशे वर्गणीदार असतील नसतील. दुसरी त्या मोठ्या साप्ताहिकाला. तिसरी दरवर्षी नव्या कथांचा जाडजूड संग्रह काढणाऱ्या प्रकाशकांना. यांचा नियम मला पाठ होता. पण मी म्हटलं, तीन पाठवल्या तर दोघं उत्तरच देणार नाहीत आणि एखाद्याने दिलं तर तेवढीच यांना बातमी. एकतीस वर्षं मी नोकरीचे अर्ज टाकणारी माणसं पाहिली आहेत. एका जागी अर्ज करून कोण वाट बघत बसतं?

बाईंचं पत्र सगळ्यांत आधी आलं. हे तोवर घरी आले होते, पुढच्या खोलीत खाट लावली होती. मी पाकीट फोडून वाचून दाखवलं. कथा फार आवडली, छापणार. पुढचे दोन अंक भरले आहेत, त्यामुळे आठ महिन्यांनी.

"कोणी पाठवली?" यांचा पहिला शब्द.

"मी."

"मला न विचारता?"

"हो, न विचारता. आता मारा मला."

अर्धा तास भिंतीकडे तोंड करून पडले. मग हात पुढे केला. पत्र घेतलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं. "बाईंनी एक स्वल्पविराम खाल्लाय," म्हणाले. पण चेहरा असा झाला होता, की लग्नानंतर फार तर चारदा पाहिला असेल. मग म्हणाले, "आठ महिने. म्हणजे मी नसेन." अगदी साधं, उद्या दूधवाला येणार नाही म्हणावं तसं. वही मागितली आणि कथेपुढे लिहिलं, स्वीकारली.

तिथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. नऊ दिवसांनी साप्ताहिकाचं पत्र. स्वीकारली, महिन्याच्या आत छापतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचं. स्वीकारली, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. चाळीस वर्षं एकेका होकारासाठी ताटकळलेला माणूस, आणि त्याला एका पंधरवड्यात तीन होकार, तेही एकाच कथेला! मी स्वयंपाकघरात दोन्ही पत्रं समोर ठेवून बसले. माझी पाचावर धारण बसली होती.

एक दिवस कळ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्या खाटेवरची चादर बदलताना सांगून टाकलं. हे खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल.

"तीन ठिकाणी?"

"हो."

"एकच कथा?"

"एकच."

"आणि तिघांनी घेतली?"

"घेतली."

हे हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी दिलं, तरी हसतच होते. "अगं, तुला चाळीस वर्षांपूर्वी कामाला लावायला हवं होतं." मलाही हसू आलं. वाटलं, सुटले. मग यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "कागद घे. दोन पत्रं लिहायची आहेत."

"कोणाला?"

"साप्ताहिकाला आणि प्रकाशकांना. कथा परत घेतो म्हणून. बाई आधी हो म्हणाल्या. कथा त्यांची."

मी चादर टाकून दिली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? साप्ताहिक महिन्यात छापतंय. तुमच्या हातात पडेल. लाखभर लोक वाचतील. बाईंचे चारशे वर्गणीदार, तेही आठ महिन्यांनी!"

"मोजता येतं मला."

"मग बाईंना सांगू. त्या समजून घेतील. मी फोन करते आत्ता."

"काय सांगशील?"

मी दाराकडे वळले.

"नवरा मरतोय, कथा सोडा. किंवा नवरा मरतोय, कथा लवकर छापा. असंच ना? मरणाचा दाखला जोडून मला कथा छापून घ्यायची नाही." आवाज चढला नव्हता. "मी त्या बाजूला बसलोय. अशीच एक बाई होती, छोटं मासिक, आमच्याकडे छपाईला यायचं. अंक जुळवून झाला की कोणीतरी लेखक फोन करायचा, कथा दुसरीकडे दिली म्हणून. आठ पानं मोकळी. ती टेबलाशी बसून राहायची, काय घालू, काय घालू. मी तिला पाहिलंय. मी तो लेखक होणार नाही." मग म्हणाले, "आणि अंक हातात येईपर्यंत बाईंना माझ्या दुखण्याचं काही कळवायचं नाही. मी असलो काय, नसलो काय. शब्द दे."

मी शब्द दिला. रागाने दिला, पण दिला.

पत्रं यांनी सांगितली, मी लिहिली. सह्या यांनी केल्या. सही करताना कोपर उशीवर टेकवावं लागलं. मी दोन्ही पाकिटं घेऊन निघाले. प्रकाशकांचं पेटीत टाकलं. साप्ताहिकाचं टाकायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. पर्समध्ये ठेवलं आणि घरी आले.

"टाकलीस?"

"टाकली."

एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पोस्टकार्ड मागे राहिलं नव्हतं. पत्ता अर्धवट असलेली पत्रं मी घरोघर विचारून पोचवली आहेत. कोणी कर्मचाऱ्याने पत्र दाबून ठेवलं तर आमच्या खात्यात त्याच्याशी कोणी नीट बोलत नसे, मीही नसे. आणि आता माझ्याच पर्समध्ये सही केलेलं पत्र होतं. बाजारात सुटे पैसे काढताना ते बोटांना लागायचं. तरीही मी टाकलं नाही. माझा सरळ हिशेब होता. कथा छापून येऊ दे, अंक यांच्या मांडीवर ठेवते, मग हवं तेवढं बोला मला. बोलायला तरी असाल.

तेरा दिवस असे गेले. त्यांतल्या शेवटच्या रविवारी जाहिरातीची ती चौकट आली. मी ते पान काढून घेतलं आणि अंक यांना दिला. हे म्हणाले, "मधलं पान कुठेय?" मी म्हटलं, "भाजी निवडायला घेतलं." संशय आला असेल. त्या दिवसांत यांना जरा बरं वाटत होतं. सूप वाटीभर जायचं. लेकीशी फोनवर बोलताना हसले सुद्धा. लेक दूर असते, दर रविवारी फोन करते. तिला सांगत होते, "तुझ्या आईने तीन ठिकाणी पाठवली. मी दोन ठिकाणांहून परत घेतली. पहिल्यांदाच कोणाला तरी मी नकार दिला, तोही दोघांना." किती फुशारकीने सांगत होते! मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते आणि भांडं घासतच राहिले.

मंगळवारी सकाळी साप्ताहिकातून फोन आला. तरुण आवाज, उपसंपादक. कथा पानावर लावून झाली आहे, उद्या संध्याकाळी छपाईला जाईल, एकच शंका आहे. तिसऱ्या पानावर दुकानदाराच्या खणात न नेलेले चष्मे सतरा आहेत आणि सातव्या पानावर अठरा. काय ठेवू?

मी म्हटलं, "विचारून सांगते. थांबा."

फोन पॅसेजमध्ये. तिथून खोलीच्या दारापर्यंत आठ पावलं. दारातून हे जागे वाटले, वही छातीवर उघडी. जवळ गेले तर डोळा लागला होता, पेन्सिल बोटांत तशीच. पान समोर होतं. कथेपुढे तीन ओळी. पहिली, बाईंचं त्रैमासिक, स्वीकारली. दुसरी, प्रकाशक, परत घेतली, तारीख. तिसरी, साप्ताहिक, परत घेतली, तीच तारीख. अक्षर लहान मुलाचं असावं तसं वेडंवाकडं, पण ओळ सरळ ठेवायची केवढी धडपड केली होती. चाळीस वर्षांच्या त्या वहीत तेवढी एक ओळ खोटी होती. ती माझ्यामुळे खोटी होती, आणि यांना ते माहीत नव्हतं.

मी यांना उठवलं नाही. परत आठ पावलं आले आणि फोन उचलला.

"छापू नका."

"काय?"

"कथा छापू नका. आधी दुसऱ्यांनी स्वीकारली आहे. परत घेतल्याचं पत्र सही करून तयार होतं, मी टाकलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही."

त्या मुलाला राग येणं साहजिक होतं. पान लागलं होतं, चित्र काढून झालं होतं, जाहिरात गेली होती. तो बराच बोलला. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "आजी, आमच्या संपादकांना कारण पटायला हवं. काही अडचण आहे का? लेखकांची तब्येत वगैरे ठीक आहे ना? तसं काही असेल तर सांगा, मी बोलतो. दुसऱ्या संपादकांशीही आम्ही बोलू. काढता येईल मार्ग."

बघा, काय म्हणाला तो. मार्ग काढता येईल. मी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"ठीक आहे तब्येत," मी म्हटलं. "उत्तम आहे."

फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. रडले, हो. कोणाला चोरून नाही, मोठ्याने.

"अगं, काय झालं?" आतून आवाज.

आत जाऊन सगळं सांगितलं. पत्र पर्समधून काढून पांघरुणावर ठेवलं. हे पत्राकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. पण यांनी वही ओढली, तिसऱ्या ओळीतली तारीख खोडली आणि विचारलं, "आज तारीख काय?" मी सांगितली. ती लिहिली. मग म्हणाले, "शंका काय होती त्याची?"

"चष्मे सतरा की अठरा."

"आधी सतरा, मग अठरा. सहाव्या पानावर दुकानदार स्वतःचा चष्मा काढून खणात टाकतो." माझ्याकडे पाहिलं. "तू वाचली नाहीस का?"

"नाही."

"न वाचता तीन ठिकाणी पाठवलीस?"

"सर्वांत कमी पानांची होती."

यावर हे इतके हसले, की मला भीती वाटली. मग माझा हात धरला आणि सोडला नाही. संध्याकाळी मी ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. हे डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "इथे थांब थोडं, मग पुढे." मी थांबले, मग पुढे वाचलं. तिच्यात कजाग बायको नव्हती. कथा चांगली आहे. मला कथेतलं काय कळतं, पण चांगली आहे.

आता खरी बातमी. यांनी सांगून ठेवलं होतं, आधी कथेची लिही, माझी नंतर. तसंच करते.

"न नेलेले चष्मे" ही कथा त्रैमासिकाच्या ताज्या अंकात आली आहे. पान एकतीस ते अडतीस. शेवटी चष्मे अठराच आहेत.

हे गेले. कथा ज्या रविवारी साप्ताहिकात यायची होती, त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, दुपारी, घरीच. लेक पोचली होती. एकोणीस दिवस. ते पान यांच्या हातात एकोणीस दिवस राहिलं असतं. मी बरोबर केलं असं लेक म्हणते, आणि मलाही तसंच वाटतं, पण ते एकोणीस दिवस मला कोणी माफ केलेले नाहीत. मीही नाही.

खबरपत्र का थांबलं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. यादीत बाईंचं नाव आहे. तुम्हाला कळवलं असतं तर त्यांना कळलं असतं.

परवा बाईंचं पाकीट आलं, यांच्या नावाने. अंकाच्या दोन प्रती, आणि चिठ्ठी. वाचकांची पत्रं येताहेत, तुमच्याकडून आणखी एक कथा हवी, सवडीने पाठवा, असं लिहिलंय.

बाई, हा कागद तुमच्याही घरी येईल. तुम्हाला हे असं, सगळ्यांच्या सोबत कळतंय, त्याची मला लाज वाटते, पण मी शब्द दिला होता. रागावला असाल तर रागवा. तुम्ही ती कथा छापलीत तेव्हा माणूस आजारी आहे, गेला आहे, यातलं तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला ती आवडली म्हणून तुम्ही छापलीत. यांना एवढंच हवं होतं, आणि ते झालं, हे त्यांना सांगायला मला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

ड्रॉवरमध्ये दहा आहेत. या वेळी मी वाचून निवडते आहे, त्यामुळे वेळ लागेल.